पाणीवाल्यांचं संमेलन

आमच्या सूनबाईच्या पायाला भिंगरी आहे. दात घासतानासुद्धा ती घरभर फिरते. नोकरीही तशीच मिळाली, देशभरच्या शास्त्रज्ञांची संमेलनं भरवायची. यंदाचा विषय होता पाणी.

"पाण्यात काय शोधायचं? नळ सोडला की येतं!" मी म्हटलं.

"बाबा, एक जण बर्फ मोजतो, एक बाई सांडपाण्यातले जंतू पाळतात. एक जण तर वाळलेल्या काँक्रीटमध्ये पाणी शोधतो!"

"मग मजाच की!"

"कसली मजा! गेल्या वर्षी बर्फवाले बर्फवाल्यांत, जंतूवाले जंतूवाल्यांत. एकमेकांशी चकार शब्द नाही. यंदाही तसंच झालं तर साहेब हे संमेलनच बंद करणार. मग माझी खुर्ची गेली!"

"तू खुर्चीत बसतेस कधी?"

ती हसलीसुद्धा नाही. डबा विसरून गेली, म्हणून तो घेऊन मी सभागृहात पोहोचलो. बघतो तर काय, तिनं खुर्च्यांवर नावं लावून सगळ्यांची सरमिसळ केली होती आणि ही शहाणी मंडळी आपापली नावं उचलून पुन्हा आपल्या गोतावळ्यात जाऊन बसली होती! सूनबाई या दारातून त्या दारात. चेहरा एवढासा.

मला लागली तहान. टेबलावरच्या जगमधलं पाणी ओतलं, घोट घेतला आणि माझा आवाज तुम्हाला ठाऊकच आहे, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाणारा.

"अगं, या पाण्याला ओल्या गोणपाटाचा वास येतोय!"

सगळं सभागृह वळलं. सूनबाईचे डोळे म्हणजे निखारे. "बाबा!"

तोवर जंतूबाई पेला घेऊन हुंगायला लागल्या. "टाकीत जीव वाढलेत."

"छे हो, नव्या सिमेंटची करामत," काँक्रीटवाला धावला.

"गार पाण्यात वास कळत नसतो. आधी कोमट करा," बर्फवाला म्हणाला. बर्फवाला, बरं का!

"आणि पाइप कुणी बघायचा?" मागून कुणीतरी ओरडलं.

चहा निवला, भाषणं राहिली. सगळे त्या एका जगभोवती, माश्या गुळाला बसाव्या तसे. साहेबही त्यांत घुसलेले.

संध्याकाळी सूनबाई घरी आली ती फोन कानाला लावूनच.

"काय गं, काय ठरलं?"

"पुढच्या वर्षी पुन्हा भरणार! वास कशाचा, यावर एकमत झालं नाही ना." मग येरझारा घालत फोनवर सभागृहाच्या व्यवस्थापकावर ओरडली, "पिण्याचं पाणी बाहेरून मागवा हो, पण माझ्या माणसांनी नमुने नेईपर्यंत त्या टाकीला हात लावू नका!"