ओला बोळा

आई अकोल्याला वारली, त्याला तेव्हा चार महिने झाले होते. शेवटच्या आठवड्यात तिला गिळता येत नव्हतं. ती पाणी मागायची आणि मी, तिची नर्स झालेली मुलगी, नाही म्हणायचे. पाणी श्वासनलिकेत गेलं असतं. माझं काही चुकलं नव्हतं, पण ती तहानलेलीच गेली. नंतर मी प्रार्थना सोडली. चर्चमध्ये नुसते ओठ हलवायचे.

गुड फ्रायडेला अमरावतीच्या हॉस्पिटलात माझी ड्युटी होती. दुपारची उपासना चुकणार, याचं मला बरंच वाटलं.

साडेअकराला मोर्शीकडून एका भाजीवाल्या बाईंना आणलं. वांगी घेऊन येताना ऑटो उलटला होता आणि पोटात रक्तस्राव होत होता. ऑपरेशन लगेच हवं होतं; पण थिएटरात आधीचा पेशंट होता, आणि रक्ताच्या पिशव्या यायच्या होत्या.

"पाणी दे वं बाई."

"ऑपरेशन आहे मावशी. आत्ता नाही देता येत."

"एक घोट. तुया पाया पडतो."

दर दोन मिनिटांनी तेच. ब्लड प्रेशर उतरत होतं. मी थिएटरला पुन्हा फोन केला. वळून पाहिलं तर त्यांच्या नवऱ्याने बाटलीचं झाकण उघडून ती त्यांच्या तोंडाशी नेली होती. मी धावत जाऊन नवऱ्याचं मनगट धरलं.

"सोडा! मरून राहिली थे, दिसत नाही तुमाले? काहून पाणी देत नाही?"

"भूल दिल्यावर पाणी फुप्फुसात जाईल, काका. मग खरंच हातची जाईल."

बाटली माझ्या हातात देऊन ते भिंतीशी खाली बसले.

मी कापसाचा बोळा भिजवला, पिळला आणि मावशींच्या ओठांवरून फिरवला. त्यांनी तो दातात धरला. माझा हात धरला, तो सोडेनात.

बारा वाजून गेले होते. चर्चमध्ये ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांचं वाचन सुरू झालं असेल. तहान लागल्याचं ख्रिस्त म्हणतो, ते मी लहानपणापासून ऐकत आले. पण आंबट द्राक्षारसात भिजवलेला स्पंज काठीवर लावून कुणीतरी त्याच्या ओठांशी धरला होता, त्या माणसाकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. त्याला खिळे काढता येत नव्हते. मरण थांबवता येत नव्हतं. कुणी म्हणतात, त्याने थट्टेने दिलं. असेल. पण देवाच्या पुत्राला तहान लागली आणि ती माणसाच्या हातून भागावी लागली, हे मला त्या कॉटशी उभं राहून कळलं. आईजवळ मी नियम घेऊन उभी होते. तिचे ओठ ओले करायचं मला सुचलं नव्हतं. मी रडू लागले, आणि रडतच बोळा पुन्हा भिजवला.

रक्त आलं. पावणेएकला त्यांना आत नेलं. नवरा म्हणाला, "तुमी थांबा, सिस्टर." ड्युटी दोनला संपली, तरी मी थिएटरबाहेर त्यांच्याजवळ थांबले. चार महिन्यांनी पहिली प्रार्थना केली. शब्द नीट जुळेनात.

मावशी वाचल्या. वॉर्डात आल्यावर म्हणाल्या, "लय जीव खाल्ला ना मी तुया?"

त्या उन्हाळ्यात मी नोकरी सोडून अकोल्याला, एकट्या पडलेल्या वडिलांजवळ परतणार होते. गेले नाही. वडिलांना फोन करून सांगितलं, माझं काम इथेच आहे. का, ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "जेवलीस का?"