एकाच पंखाची गाडी

ज्या गाड्या कधी कुणाला विकत घेता आल्या नाहीत, त्यांची छोटी मॉडेलं मी जमवते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, धूळ बसत नाही का. बसते. साठ-सत्तर वर्षांपूर्वी मोटारींचे कारखाने प्रदर्शनात मांडण्यापुरती एखादीच गाडी बनवायचे. काचेचा घुमट, विमानासारखी शेपटी, असलं काहीतरी. तिला कन्सेप्ट कार म्हणतात. प्रदर्शन संपलं की बहुतेकींची मोडतोड व्हायची आणि मागे एक-दोन फोटो उरायचे. त्या फोटोंवरून कुणीतरी कुठेतरी हातभर लांबीचं किंवा बोटभर लांबीचं मॉडेल केलेलं असतं. ते शोधायचं. ते कोणत्या गाडीचं, कुणी केलं, कशावरून केलं, की कुणी साध्या खेळण्याला रंग मारून आपल्याला बनवतंय, याचा माग काढायचा. लालबागच्या माझ्या घरात अशी एकेचाळीस आहेत. नवरा नाही, त्यामुळे कपाट सगळं माझं.

मी नोकरीला लागले ती ट्रेसर म्हणून. इंजिनियरने पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचं, एवढंच काम. नंतर कॉम्प्युटर आला. आता लोअर परळच्या एका ऑफिसात मी लिफ्टची ड्रॉइंग काढते. पण हाताची सवय गेलेली नाही. फोटोत मला आधी रेषा दिसतात, गाडी नंतर.

आमचा पाचजणांचा गट होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी गिरगावातल्या एका वाडीत, अंकलच्या घरी जमायचो. अंकल जुन्या मुंबईतले कॅथलिक, वय अठ्ठ्याहत्तर, परळच्या एका वर्कशॉपमध्ये जन्मभर पॅटर्नमेकर. लोखंडाचा भाग ओतायचा तर त्याचा साचा करायला तो भाग आधी लाकडात कोरावा लागतो. तो कोरणारा माणूस म्हणजे पॅटर्नमेकर. घरात ते आणि त्यांची धाकटी बहीण, दोघंच. तिचं लग्न झालं नव्हतं. वाडीतल्या दोन पिढ्यांच्या लग्नांचे गाऊन आणि सूट तिने शिवलेले. तिला आम्ही आन्टी म्हणायचो.

अंकलइतकं बारीक काम करणारा माणूस मी पाहिला नाही, आणि इतकं वाईट बोलणाराही नाही. गटात दादरचा एक डेंटिस्ट होता. त्याचं रंगकाम बघून अंकल म्हणाले होते, पेशंट का ओरडतात ते आता कळलं. नायगावचा एक निवृत्त बस ड्रायव्हर होता, तो मॉडेल घेऊन आला की अंकल विचारायचे, यावरून कोणती बस गेली रे, तुझीच का. आम्हाला हे महिन्यातून एकदा. आन्टीला रोज. चहा गार, दार उघडं, रेडिओ मोठा, चपला मधे. आम्ही समोर बसलेलो असताना ते तिच्यावर ओरडायचे आणि पुन्हा आमच्याकडे वळून चाकाच्या व्यासाबद्दल बोलायला लागायचे. आम्हीही व्यासाबद्दलच बोलायचो.

माझा नंबर गटातल्या तिसऱ्या वर्षी लागला. भंगारवाल्याकडे मला एक लाल पत्र्याची घुमटवाली गाडी मिळाली होती. आठ महिने मी तिचा माग काढला, परदेशात पत्रं पाठवली, चार पानं टिपण केलं आणि ते सगळ्यांसमोर वाचलं. अंकलनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग टेबलावरची पटाशी उचलली आणि गाडीच्या बॉनेटवरून ओढली. लालच्या खाली हिरवा रंग निघाला. साधं खेळणं. घुमट कुठल्यातरी औषधाच्या डबीचा.

"ट्रेसरबाई," ते म्हणाले, "दुसऱ्याच्या रेषेवरून शाई फिरवायची तुला सवय. खरं-खोटं तुला कसं कळणार?"

सगळे हसले. डेंटिस्ट जरा जास्तच. अंकल बरोबर होते, हा त्यातला वाईट भाग. ते चुकले असते तर मी विसरले असते.

आता मुद्द्यावर येते. दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या हौशी लोकांच्या एका मंडळाने अंकलना काम दिलं. इटलीतल्या एका कारखान्याने कधीकाळी एकच बनवलेली गाडी. तिला ड्रायव्हरच्या डोक्यामागे पंखासारखं एकच उंच पातं होतं, दार एकच आणि बॉनेटवरची हवेची खिडकीही त्याच बाजूला सरकवलेली. दुसरी बाजू सपाट. मोडून टाकलेली, फोटो एकच, तोही एका जुन्या मासिकातला. अंकलनी लाकडात खऱ्याच्या अठराव्या हिश्शाचं मॉडेल कोरायचं. त्यावरून तिकडे साच्यात प्रती निघणार आणि प्रत्येक प्रतीच्या तळाशी उठावदार अक्षरांत अंकलचं नाव येणार. जन्मभर त्यांनी कोरलेल्या लाकडावरून लोखंड ओतलं गेलं आणि लोखंडावर नाव कंपनीचं. हे त्यांनी आम्हाला एका सकाळी तीनदा सांगितलं. त्यांचा एक डोळा गेलेला होता, दुसरा भिंग लावून चालत होता. यानंतर काम होणार नाही, हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही.

फोटोवरून मापाची ड्रॉइंग काढायला त्यांनी मासिक माझ्याकडे दिलं. घरी काचेखाली दिवा असलेल्या टेबलावर मी ते पान पसरलं. गाडीशेजारी कोट घातलेला एक माणूस उभा होता. त्याच्या वरच्या खिशात रुमाल होता, उजव्या बाजूला. कोटाच्या वरच्या खिशाची जागा डावी. मी बटणं बघितली. तीही उलट्या बाजूने लावलेली, बायकांच्या कपड्यांना असतात तशी. माझी आई दुकानांसाठी घरी काज-बटणं करायची, आमची अर्धी चाळ करायची. मला हे आठव्या वर्षापासून माहीत आहे. म्हणजे माणूस विचित्र नव्हता. फोटो उलटा छापला गेला होता. म्हणजे गाडीचं जे पातं उजवीकडे दिसत होतं ते खरं डावीकडे होतं. दार, हवेची खिडकी, सगळंच.

पुढच्या रविवारी मी विषय काढला. इटलीत स्टिअरिंग डावीकडे असतं, मग ड्रायव्हरमागचं पातं उजवीकडे कसं, एवढंच विचारलं.

"ड्रायव्हर उजवीकडेच बसतो," नायगावचा म्हणाला. "तीस वर्षं बसलोय मी."

त्याला चूक दिसली नाही आणि दिसणारही नव्हती. जन्मभर आपण उजवीकडे बसलेलाच ड्रायव्हर बघतो, त्यामुळे डोळा कुठे अडत नाही. अंकल म्हणाले, तिथल्या जुन्या भारी गाड्यांना मुद्दाम उजवीकडे स्टिअरिंग ठेवायचे. हे खरं आहे, मलाही ठाऊक होतं. मी कोटाबद्दल बोलायला तोंड उघडलं.

"तू रेषा काढ," ते म्हणाले. "विचार करायला मी आहे."

मी तोंड मिटलं आणि रेषा काढल्या. बाजूंच्या, वरून, पुढून, मागून. इतकी नीट ड्रॉइंग मी नोकरीतही कधी काढली नव्हती. चुकीच्या गाडीची अगदी बरोबर ड्रॉइंग. चौथ्या महिन्यात परदेशातल्या एका जुन्या मासिकविक्याकडून मला त्याच गाडीचा दुसरा फोटो मिळाला, मागून घेतलेला. नंबरप्लेटची अक्षरं सुलटी वाचता येत होती. पातं डावीकडे होतं. तो फोटो मी फायलीत ठेवून दिला.

चौदा महिने अंकल सागाचा ठोकळा कोरत होते. पुठ्ठ्याचे नमुने मी कापून द्यायचे. दिसत नाही म्हणून ते अंगठ्याने चाचपून बघायचे, कागदभर जाडीचा उंचवटाही त्यांना लागायचा. त्या काळात ते बदलले. डेंटिस्टला बसायला खुर्ची दिली. ड्रायव्हरच्या नातीची चौकशी केली. एकदा माझा नमुना लाकडावर धरून म्हणाले, "तुझ्या रेषेत हात आहे गो." त्या दिवशी सांगून टाकावंसं वाटलं का, असं मला नंतर डेंटिस्टने विचारलं. नाही वाटलं. मी महिने मोजत होते. लाकूड जितकं उतरेल तितकं परत फिरणं अवघड, हा माझा हिशेब होता.

सोमवारी पार्सल जायचं होतं. आदल्या रविवारी आम्ही पाचहीजण जमलो. मॉडेल टेबलावर कापसात ठेवलं होतं. काम अप्रतिम होतं, ते मी आधी सांगितलं. मग दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि कोट, रुमाल, बटणं, नंबरप्लेट, सगळं तीन-चार मिनिटांत सांगून टाकलं. डेंटिस्ट उठून वाकून बघायला लागला. ड्रायव्हरचा हात आपोआप स्वतःच्या शर्टाच्या खिशाकडे गेला. डावीकडे.

डेंटिस्ट म्हणाला, आम्ही दातांचं स्कॅन करतो तसं हे स्कॅन करून मशीनवर उलटं करता येईल. अंकल म्हणाले, मग खाली मशीनचं नाव घालू दे. त्यांचा हात मॉडेलवर होता आणि अंगठा त्या पात्यावरून वर-खाली फिरत होता.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवशी."

कुणी हसलं नाही. मी पटाशीच्या दिवसाची भरपाई मागत होते आणि ती मला मिळाली होती. मी खुर्चीत मागे टेकून बसले.

अंकलनी मासिकाचं पान उचललं आणि दाराच्या दिशेने धरलं. आन्टी नुकतीच चहाचा ट्रे घेऊन तिथे आली होती; आत स्टोव्हच्या आवाजात आमचं बोलणं तिला ऐकू गेलेलं नव्हतं. "मला दिसत नाही," ते म्हणाले. "रुमाल कुठल्या खिशात आहे, बघून सांग."

"उजव्या," आन्टी म्हणाली.

तिने पान हातात घेतलं नव्हतं. पानाकडे पाहिलंही नव्हतं. तिचा चष्मा गळ्यात दोरीला लटकत होता. हे माझ्या लक्षात यायच्या आधी अंकलच्या लक्षात आलं. ते पान तसंच धरून राहिले.

"तुला पण ठाऊक होतं," ते म्हणाले. ते विचारत नव्हते.

आन्टीने ट्रे टेबलावर ठेवला, मॉडेलपासून जरा लांब, आणि आत गेली.

वाडीच्या तोंडापर्यंत ती माझ्यामागून आली. मला वाटलं, शिव्या देईल. तिने आवाज चढवला नाही. मासिक टपालाने आलं त्याच दिवशी तिने कोट बघितला होता, म्हणाली. आयुष्यभर कोट शिवले, ते आपोआप दिसतं. सांगणारही होती. पण दुपारभर भाऊ त्या फोटोपाशी बसून राहिला आणि संध्याकाळपर्यंत एकदाही तिच्यावर खेकसला नाही. मग तिने उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तो खेकसला नाही.

"चौदा महिने या घरात मी शांतपणे जेवले," ती म्हणाली. "उद्या पार्सल गेलं असतं. तिकडे कळायचं तेव्हा कळलं असतं, नाहीतर नसतंही. तुझी एक सकाळ मजेत गेली ना? आता त्याच्यासोबत मी राहायचंय."

मी म्हटलं, तुम्ही मला सांगितलं असतं तर. ती म्हणाली, तू मला सांगितलंस का? मग ती परत वळली. तिला चहाचे कप उचलायचे होते.

पार्सल गेलं नाही. अंकलनी मंडळाला दोन ओळी माझ्याकडून लिहून घेतल्या, कारण त्यांना दिसत नाही आणि आन्टीच्या हातून त्यांना लिहून घ्यायचं नव्हतं. मंडळाने दुसऱ्या कुणाला तरी काम दिलं. अंकल सोडून बाकीचा गट आता दादरला डेंटिस्टच्या दवाखान्यात जमतो. पण अंकल मला फोन करतात. त्यांनी नवी ड्रॉइंग मागितली, पातं डावीकडे असलेली. एका आठवड्यात मी ती काढून नेऊन दिली. नवा ठोकळा त्यांनी आणून ठेवला आहे. त्याला ते हात लावणार नाहीत, त्यांच्याच्याने ते होणार नाही. आम्ही मात्र ते मॉडेल होणारच असल्यासारखे त्याच्याबद्दल बोलतो.

मागच्या वेळी गेले तेव्हा आत काहीतरी भांडं पडलं. अंकल ओरडायला लागले. पूर्वी ते ओरडून थांबायचे. आता थांबत नाहीत. आंधळी, चोर, चाळीस वर्षं माझं खाल्लंस, आणि इथे लिहिता येणार नाही असं बरंच. खरं तर शिवणावर घर तिने चालवलं होतं, पण ते कुणी बोललं नाही, तिनेही नाही. ती चहा घेऊन आली, माझ्यासमोर ठेवला, माझ्याकडे न बघता गेली.

ती दाराआड पोचायच्या आत अंकल माझ्याकडे वळले. "तू निदान सांगितलंस तरी," ते म्हणाले. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले.

चहा गरम होता, तो मी प्यायले, आणि मागच्या बाजूचं ड्रॉइंग उलगडलं.