अक्काने शिवलेला टुटू

आमच्या आप्पांचं शिलाईचं दुकान सात रस्त्याजवळ होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. पुढे आप्पा मशिनीवर गिरणीतल्या बाबूंचे कोट शिवायचे. मागे, पडद्याआड, माझी थोरली बहीण काजं करायची, बटणं लावायची. तिला मी अक्का म्हणत असे. अकराव्या वर्षी तिला करकंबला दिली होती. चौदाव्या वर्षी नवरा तापानं गेला आणि ती आमच्याकडे परत आली. मी सांगते आहे ती गोष्ट सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या दोनेक वर्षं आधीची. अक्का तेव्हा विशीची होती, मी दहाची. आप्पांच्या हाताचं गिऱ्हाइकं जे कौतुक करायची, त्यातलं निम्मं अक्काचं होतं. आप्पांना ते ठाऊक होतं, पण ते बोलून दाखवत नसत.

त्या हिवाळ्यात गावात सर्कस आली. चौथ्या-पाचव्या दिवशी एक गोरी बाई टांग्यातून उतरून थेट दुकानात शिरली. चाळिशीची असेल, केसांत पांढरं दिसत होतं. सर्कशीत सगळे तिला मड्डम म्हणायचे, आम्हीही तेच म्हणू लागलो. घोड्याच्या पाठीवर नाचणाऱ्या पोरींना ती शिकवायची. तिनं गाठोडं सोडलं. आत पांढऱ्या जाळीचा एक लहानसा घागरा होता. जाळी ठिकठिकाणी विरलेली, घामानं पिवळी पडलेली. तसे नवे तीन हवे होते. तिच्या मोडक्या हिंदुस्थानीत तिनं त्याचं नाव सांगितलं, टुटू. मला तो लहान मुलाच्या पिपाणीचा आवाज वाटला आणि मी हसले. आप्पा म्हणाले, हे आपलं काम न्हाय. तेवढ्यात पडदा सरकवून अक्का बाहेर आली, घागरा हातात घेऊन तिनं तो उलटा केला आणि आतले थर मोजायला लागली. दहा भरले.

काम घेतलं गेलं ते असं.

मड्डम मग दर दोन दिवसांनी यायची आणि आमच्या मागच्या खोलीत पाटावर बसायची. अक्का गल्लीत ऐकलेल्या दख्खनी हिंदुस्थानीत तिच्याशी बोलायची. दोघींची भाषा तुटकी, पण अडल्याचं मला आठवत नाही. एकदा मड्डमनं चित्रांची वही आणली. पहिल्या चित्रातल्या नाचणाऱ्या बाईचा घागरा पोटरीच्या खालपर्यंत, घंटेसारखा. दुसऱ्यात तो गुडघ्याला आलेला. तिसऱ्यात कमरेपासून थाळीसारखा आडवा उभा राहिलेला, पाय सगळे उघडे. मड्डम सांगायची की त्याच्याही फार आधी तिकडच्या, विलायतेतल्या बाया जमिनीवर लोळणाऱ्या जड झग्यांत, उंच टाचांच्या जोड्यांत नाचायच्या. पावलं काय करतात ते कुणाला दिसायचंच नाही. मग एकीनं घेर घोट्याच्या वर कापला. लोकांनी नावं ठेवली. पुढे मलमलीचे हलके थर आले. पाऊल जसं अवघड होत गेलं, तसा घागरा वर चढत गेला, आणि दर वेळी कुणी ना कुणी नावं ठेवलीच.

अक्का बराच वेळ ते पहिलं चित्र बघत होती. मड्डम गेल्यावर मला म्हणाली, "पयली कात्री लावताना त्या बाईचा हात थरथरला आसंल का गं?"

ती स्वतः विटक्या लुगड्यात, पदर कानामागे घट्ट खोचून बसलेली होती.

मड्डमला हवी तशी जाळी सोलापुरात कुठं मिळणार? अक्कानं मच्छरदाणीचं कापड घेतलं. ते लोंबायला लागलं. शेजारी विणकरांची वस्ती होती. त्यांच्या बायका सुताला खळ देऊन ते ताठ करतात हे अक्कानं पाहिलं होतं. तिनं तांदळाची खळ केली. पहिल्यांदा ती इतकी दाट झाली की वाळल्यावर जाळी पापडासारखी मोडली. दुसऱ्यांदा जमली. सगळ्यात खालचा थर सगळ्यात आखूड, त्याच्यावरचा थोडा मोठा, असे दहा थर तिनं हातानं चुण्या घालून कमरपट्टीला जोडले. तरी घेर खाली बसायचा. मग तिला सुचलं की थरांना आतून एकमेकांशी ढिले टाके घालायचे, म्हणजे एक दुसऱ्याला धरून ठेवेल. मग जुन्या घागऱ्यात पाहिलं तर ते टाके होतेच, पण कुजून तुटल्यामुळे आधी दिसले नव्हते. आपण शोधलं ते तिकडच्या कुणा बाईनं आधीच शोधलेलं होतं, याचा तिला किती आनंद झाला म्हणून सांगू. वाळत घातलेला घागरा आढ्याला उलटा टांगलेला असायचा. आई जेवताना त्याच्याकडे पाठ करून बसायची.

सर्कशीला जायची अक्काला मुभा नव्हती. पण घागरे द्यायला म्हणून मड्डमनं आम्हा दोघींना दुपारी तंबूच्या मागच्या बाजूनं आत घेतलं. तालीम चालली होती. एक पोर घोड्यावर होती. मग मड्डमनं स्वतः नवा घागरा चढवला आणि एका फळीवर पायाच्या अंगठ्यांवर उभी राहिली. तिचे गुडघे थरथरत होते. ती गिरकी घेई तेव्हा घागरा मात्र जागचा हलत नव्हता. माझं तोंड उघडंच राहिलं. अक्काकडे पाहिलं तर ती डोळे बारीक करून म्हणत होती, "तिसरा थर बसतुया." आणि तिच्या गालांवरून पाणी चाललं होतं. ते तिनं पुसलंही नाही.

मुक्काम संपत आला तेव्हा मड्डम आप्पांना भेटली. सर्कशीत कपडे सांभाळायला, शिवायला बाई हवी होती. राहणं बायकांच्या तंबूत, पगार ठरलेला, आणि पोरगी तिच्या नजरेखाली राहील. आप्पा मशिनीकडे वळले. आई पडद्याआडून म्हणाली की विधवा पोरगी सर्कशीत गेली तर धाकटीला कोण करून घेईल? धाकटी म्हणजे मी.

दोन दिवसांनी, दुपारी अक्का माझी वेणी घालत होती. वेणी घालता घालताच म्हणाली, "मी उद्या सकाळच्या गाडीनं जानार हाय. कुनाला सांगू नगंस. पत्र धाडीन." मी मान हलवली. वेणी झाली आणि मी उठून चुलीपाशी बसलेल्या आईला सगळं सांगितलं.

का सांगितलं? पुष्कळ वर्षं मी स्वतःला म्हणत आले की लहान होते, भ्याले होते. ते खरं नाही. अक्का मला सोडून कुठंतरी सुखी होणार, हे मला सोसलं नाही.

सकाळी अक्का गाठोडं घेऊन बाहेर आली तर आप्पा उंबऱ्यात बसलेले. कुणी कुणाला ओरडलं नाही. आप्पा म्हणाले, "बस, बाळ." गाठोडं खाली ठेवून अक्कानं चूल पेटवली. आठवड्याभरात आप्पांच्या पत्रावरून करकंबहून तिचा दीर आला आणि तिला घेऊन गेला. आई म्हणाली, सासरी राहिली म्हणजे बोल लागणार नाही.

मी तिला त्यानंतर एकदाच पाहिलं. वर्षभरानं आप्पांबरोबर करकंबला गेले होते. गुऱ्हाळ चालू होतं. अक्का उसाची चिपाडं गोळा करत होती, हाताला भेगा पडलेल्या, बोटांची टोकं काळी. त्या घरात शिवायला काही नव्हतं, पोत्यांना टाके घालायचं दाभण तेवढं होतं. आप्पा बाहेर बसले होते तेव्हा मी तिला सांगून टाकलं की आईला मीच सांगितलं होतं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तू ल्हान हुतीस." आणि पदरानं माझंच तोंड पुसलं. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मग तिनं हळूच विचारलं, सर्कस पुन्हा आली का. मी नाही म्हटलं. तिनं परत चिपाडं उचलायला सुरुवात केली.

त्या पावसाळ्यात करकंबात पटकी आली. आमच्याकडे कोपरा फाडलेलं कार्ड आलं तोवर तिला जाऊन सहा दिवस झाले होते. आप्पांनी कार्ड वाचून टोपीत ठेवलं आणि मशिनीवर बसले. पाय हलत होते, मशीन चालत होती, पण खाली कापडच नव्हतं. संध्याकाळी आईला एवढंच म्हणाले, "जाऊ द्याया पायजे हुतं तिला." पुढचे कितीतरी महिने आई जेवायला बसायची आणि अर्ध्या भाकरीवर उठायची.

चौदा पुरी व्हायच्या आत माझं लग्न ठरलं. बघायला आलेल्या मंडळींनी थोरल्या मुलीची चौकशी केली. आई म्हणाली, ती विधवा होती, सासरीच राहिली, सासरीच गेली. मुलाच्या वडिलांनी समाधानानं मान हलवली. घराणं चांगलं आहे, म्हणाले. आत मी पोह्यांची ताटली हातात धरून उभी होते. आईनं माझा पदर सारखा केला, तिचे हात गार पडले होते. मग मी बाहेर गेले आणि सांगितलं तिथं बसले.