कोमट राहिलेली सागोती

आमच्या वाडीत कुणाकडे तिखटाचं, म्हणजे मटणाचं जेवण असलं की आईला बोलावणं यायचं. खोबरं किती भाजायचं, वाटप कधी घालायचं, जाळ कधी ओढायचा हे तिच्या हातात होतं. मटण ती चुलीवरच रांधायची, मंद जाळावर, दुपारचं ठेवलेलं संध्याकाळी उतरवायची. वडील गेल्यावर आणि बहीण सासरी गेल्यावर घरात आम्ही तिघं उरलो होतो. आई, मी आणि माझी आते. आते म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला, म्हणून माहेरी परत आलेली. आई रांधायला बाहेर जायची तेव्हा मला न्हाऊमाखू घालून शाळेत पोचवायची ती आतेच.

माझ्या धाकट्या बहिणीचं सासर शिरोड्याला. त्या दसऱ्यानंतरच्या एका रविवारी तिच्या सासरची माणसं पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार होती. वडे आणि सागोती, म्हणजे मटणाचा रस्सा, असा बेत होता. पण आईने बहिणीच्या लग्नासाठी धामापूरच्या भगवतीला ओटी बोललेली, आणि ती त्याच रविवारी सकाळी भरायची होती. म्हणून तिने शनिवारीच मटण रांधलं आणि संध्याकाळच्या गाडीने मावशीकडे धामापूरला मुक्कामाला गेली.

निघताना तिने मला चुलीपाशी उभं करून सांगितलं, "ह्या टोपात तसाच ठेवू नको. चार लहान टोपांत वाट, घंगाळातल्या पाण्यात ठेव, थंड झाला की दोन आपल्या फ्रीजात आणि दोन शेजारच्यांकडे. मी त्यांका सांगितलंय. उद्या सकाळी खळखळून उकळी काढ. कळला मा?"

"कळला गो."

मला कळलं होतंच. लहानपणापासून मी तिला हेच करताना पाहत आलो होतो. पण दिवसभर मी खोबरं खवलं होतं, मटण धुतलं होतं, अंगणातलं खळं झाडलं होतं. वीज येत-जात होती, उकाडा अंगाला चिकटत होता. त्यात शेजाऱ्यांच्या दारात टोप घेऊन जायचं, त्यांचं सामान हलवायला लावायचं, हे मला नकोसं झालं. मी टोपाकडे पाहिलं. चुलीत निखारे होते. वाटलं, गरम आहे तर नासेल कशाला? झाकण घट्ट बसवलं, वरून गोणपाट गुंडाळलं आणि हात धुतले.

आते माजघरात खाटेवर पडून होती. तिथून तिने विचारलं, "वाटून ठेवलंस रे?"

"होय गो आते," मी म्हणालो.

सकाळी झाकण काढलं तर टोप कोमट होता. वास असा सुटला की मला बरंच वाटलं. रात्रभर मुरलंय, मी मनात म्हटलं. गॅसवर चढवलं, पण वाटप दाट, तळाला लागायला लागलं. करपलं तर आईचं नाव जाईल म्हणून कडेला बुडबुडे दिसताच मी गॅस बंद केला. मधला रस्सा नुसता तापला होता.

दुपारी आई आणि पाहुणे एकदमच आले. लुगडं बदलता बदलता तिने विचारलं, "उकळी काढलंस?" मी पुन्हा होय म्हणालो. तिने चूल पेटवून वडे तळायला घेतले.

जेवण फार छान झालं. बहिणीचे सासरे कमी बोलणारे, पण दुसऱ्यांदा रस्सा मागून म्हणाले, "विहीणबाई, असा जेवान खूप दिवसांनी जेवलंय." आतेने साखरेचं पथ्य आणि डॉक्टरांचं सगळं बाजूला ठेवून तीन वडे खाल्ले. आईला ओटीचा उपास होता. तिने फक्त वाढलं.

सोमवारी उजाडताच माझ्या पोटात मुरडा आला. मी परसात जाऊन परतलो तर आते भिंतीला धरून बसली होती, तिला उठता येत नव्हतं. सकाळभर तिला जुलाब होत राहिले. बहिणीचा फोन आला. तिकडे सासरे, सासू आणि दीर तिघंही आडवे झाले होते. दुपारपर्यंत आतेचे डोळे खोल गेले, तेव्हा रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होते. सलाईन लावून त्यांनी आईला विचारलं, "मटण कधी शिजवलं होतं? मोठ्या टोपात तसंच राहिलं होतं का? दाट रस्सा असला की आतली ऊब तासन्‌तास जात नाही. ना उकळतं, ना गार. त्यातच जंतू वाढतात. वासही येत नाही, चवही बदलत नाही."

"नाही डॉक्टर," आई ठामपणे म्हणाली. "वाटून, पाण्यात थंड करून ठेवलं होतं. सकाळी उकळी काढली होती. माझ्या मुलाने केलं सगळं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. होकारार्थी.

"मग मटणच खराब असेल," ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

आतेला मधुमेह होता, मूत्रपिंडं आधीच थकलेली होती. तिसऱ्या दिवशी तिची लघवी थांबली. शुक्रवारी दुपारी ती गेली. शेवटपर्यंत मीच तिच्या उशाशी होतो. ती पाणी मागायची, मी चमच्याने पाजायचो. बोलायला वेळ होता. मी बोललो नाही.

बारावं झालं आणि आई कट्टा गावच्या बाजाराला गेली, ज्यांच्याकडून आम्ही वीस वर्षं मटण घेत होतो त्यांच्या दुकानी. मी सोबत होतो. बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाइकांच्या देखत तिने त्यांना नाही नाही ते सुनावलं. त्या वयस्क माणसाने सुरी खाली ठेवली. "वैनी," ते म्हणाले, "त्याच बकऱ्याचा मटण सात घरांत गेला. आमच्या घरातय शिजला. कोणाक काय झाला नाय."

आई मागे वळली. परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "मगे माझ्याच हातान झाला."

त्या दिवसापासून तिने रांधणं सोडलं. बोलावणी तशीही थांबली होती. पण घरातही ती चुलीपाशी जाईना. भाजी मी चिरायची, भात मी लावायचा. ती दिवसातून कितीदा तरी साबण लावून हात धुवायची, नखं उजेडात धरून बघायची. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. एका सकाळी त्या भेगांतून आलेलं रक्त तिने पदराला पुसलं, आणि मला पुढे राहवेना.

"आये," मी म्हणालो, "मी वाटून ठेवूक नाय. उकळी पण काढूक नाय. टोप तसोच चुलीर ठेवलेलो."

 मला वाटलं होतं, ती रडेल किंवा माझ्या डोक्यावरून हात फिरवेल. तसं काही झालं नाही.

"डाक्टरान इचारल्यान तेव्हा तू बाजूक उभो होतस," ती म्हणाली.

"होय."

"आणि कट्ट्यार? मी त्या माणसाक बोललंय तेव्हा?"

"होय."

ती उठून आत गेली. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी दारात येऊन म्हणाली, "आधी कट्ट्यार जा. मगे शिरोड्याक."

कट्ट्याला गेलो. दुकान उघडत होतं. मी सांगितलं तेवढं त्यांनी मान खाली घालून ऐकलं. "आवशीक घेवन येवची गरज नाय," ते म्हणाले. "तेंका सांग, माझ्या मनात काय नाय." आई मात्र दुसऱ्या दिवशी स्वतः गेली आणि भर दुकानात त्यांची माफी मागून आली.

शिरोड्याला बहिणीच्या सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. चहा आला, तो निवला, कुणी प्यायला म्हटलं नाही. बहीण दारापर्यंत पोचवायला आली. तिला एवढंच विचारायचं होतं, "आतेक म्हायत होता?"

"नाय," मी म्हणालो. "मी तिका वाटून ठेवलंय म्हणान सांगितलेलं."

बहीण आत निघून गेली.

पुढे कधीतरी मी त्याच डॉक्टरांना गाठून विचारलं, खरं सांगितलं असतं तर आते वाचली असती का. ते म्हणाले, उपचार तेच झाले असते. ते खरंच असावं. पण त्यांनी उत्तर द्यायच्या आधी किंचित वेळ घेतला, तो वेळ मला आठवतो.

आई आता घरात रांधते, दोन माणसांपुरतं, उरणार नाही एवढंच. चुलीवर नाही, गॅसवर. तिच्या हातांच्या भेगा भरल्या. वाडीतली बायकामाणसं खरी गोष्ट कळल्यावर एक-दोनदा बोलवायला आली, तिने नको म्हटलं. माझ्याशी ती बोलते, पण रांधताना मी मदतीला गेलो तर म्हणते, "तू बस, मी करतंय."

बहीण वर्षातून दोनदा येते. सकाळच्या गाडीने येते, आईजवळ बसते, आणि जेवणाची पानं घ्यायच्या आधी निघते.