चाकावरून गेलेलं पाणी

मी मुंबईला निघालो त्या दिवशी बा स्टेशनात आला, पण फलाटावर चढला नाही. कुंपणाबाहेर चिंचेखाली बैलगाडी लावून बैलांच्या पाठी खाजवत उभा राहिला. आय मात्र माझी ट्रंक अशी धरून होती, की ट्रंकच मुंबईला चालली आहे आणि मी नुसता पोचवायला आलोय. गाडीचा धूर दिसला तशी तिनं पदराखालून सोडावॉटरची एक रिकामी बाटली काढली. रिकामी म्हणजे सोडा नव्हता, पाणी होतं. तोंडाला चिंधीचा बोळा, वर सुतळी.

"बानं दिलंय. आपल्या हिरीचं पानी हाय. तिकडं यंत्रातनं आलेलं पानी पितात म्हनं. पयल्या दिशी तरी हे पी."

"मग आपल्या हातानं का नाय दिलं त्यानं?"

"ते तुला ठावं," आय म्हणाली.

ठाऊक होतंच. तीन आठवडे बा माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, आणि का, ते आमच्या अख्ख्या गावाला माहीत होतं. गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्या मागून-पुढून ट्रंका घेऊन निघून आलेल्यांनो, तुम्ही बहुतेक सगळे शाळेतल्या त्या सभेला हजर होतात. तुमच्या देखत माझी जीभ घसरली, म्हणून हे तुम्हालाच लिहितोय.

आमचं शेत भिवपुरीच्या पॉवर हाऊसच्या खालच्या अंगाला. घाटावरच्या तलावाचं पाणी लोखंडी नळांतून खाली येतं, चाकं फिरवतं आणि पाटानं नदीला मिळतं. भर वैशाखातही ते आमच्या बांधाला घासून जायचं. आणि आमचं शेत? भात कापलं, मागून वाल निघाले, की नुसती ढेकळं. पाट कुणी कुलपात ठेवला नव्हता. चार घागरी उपसल्या तरी काकडीचा एक वाफा भिजला असता. पण बा त्या पाण्यानं बैलसुद्धा धूत नव्हता. का, तर त्यातली वीज काढून घेतलेली!

"ताक घुसळलं, लोनी काढलं, मंग ऱ्हायलं काय?" बा विचारायचा. "त्या पान्यावं वेल वाढंल, पन काकडीत जीव नसंल." बा एकटाच असं म्हणत नव्हता. तुम्हीही म्हणत होतात, उगाच आता माना हलवू नका.

त्या काळात मुंबईला इंजिनियर लोकांचं एक मंडळ होतं. अजून आहे. दिवसा नोकऱ्या करून ही माणसं सुट्टीच्या दिवशी गावोगाव जायची, काचेवरची चित्रं पडद्यावर दाखवायची, वीज कशी होते, पूल कसा उभा राहतो ते सांगायची. पगार नाही, भत्ता नाही, वर आमच्यासारख्यांचे उलटे प्रश्न. आमच्याकडं आले ते आठल्ये साहेब. जाड भिंगांचा चष्मा, पायांत धुळीनं माखलेले बूट, आणि भाकरी अशी मोडायचे की आयला वाटलं, हा साहेब नसून कुणाचा तरी मामा आहे. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, सातवी पास, आणि त्या सातवीची मला भारी मिजास. साहेबांची चित्रांची पेटी स्टेशनपासून शाळेपर्यंत मी डोक्यावरून आणली. दिवेलागणीला शाळेची दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि साहेबांनी चित्रं दाखवायला सुरुवात केली.

"पाण्यातून काहीच काढत नाहीत," साहेब सांगत होते. "ते उंचावरून पडतं आणि चाकाला फक्त ढकलतं. जसं आलं तसंच बाहेर जातं. खुशाल पिकाला घाला."

बा मागं भिंतीशी बसला होता. तो उभा राहिला. "साहेब, ढकलनाऱ्याची ताकद जात नाय व्हय? बैल दिसभर रहाट ढकलतो, सांजंला गळतो का नाय? मंग पानीच कसं गळत नाय?"

शाळा हसून हसून फुटायची बाकी राहिली. साहेबांवर नाही हं, बाच्या हजरजबाबीपणावर खूश होऊन. साहेब चष्मा पुसत विचारात पडले. आणि मला काय झालं कोण जाणे. मला वाटलं, आता साहेब आपल्या गावाला हसणार, मला हसणार. मी उठलो आणि घरात कधी बोलत नाही अशा शाळेतल्या भाषेत म्हणालो, "साहेब, माझे वडील अडाणी आहेत. त्यांचं मनावर घेऊ नका."

हसणं जागच्या जागी थांबलं. बा खाली बसला. बसताना त्यानं डोईचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. ते मला अजून दिसतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावून घेतलं. "काल तू वडिलांना जे बोललास ते मला मुळीच आवडलं नाही," ते म्हणाले. मग खिशातून कागद काढला. लढाईमुळं मुंबईच्या कारखान्यांना वायरमन हवे होते, आणि मंडळ खेड्यातल्या पोरांना उमेदवारीला, म्हणजे हाताखाली काम शिकायला, लावून देत होतं. मंडळाची चिठ्ठी, संध्याकाळचा वर्ग, राहायची सोय, सगळं. "येतोस?" मी एका पायावर तयार होतो. घरी आयनं ही बातमी बाच्या कानावर घातली तेव्हा मी दाराआड उभा होतो. बा म्हणाला, "जाऊ दे. तिकडं पोरांचं बी तसंच करतात. चाकावनं फिरवतात, सत्व काढून घ्येतात, आन ऱ्हायलेलं परत धाडतात." एवढं बोलून तो गोठ्यात गेला.

तर अशी ती बाटली. मी ती उघडली नाही. रागच आला होता मला, की एवढं पाणी देतो आणि दोन शब्द देत नाही. परळच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. खिडकीत ती बाटली महिनाभर राहिली, पाणी हिरवं झालं, आणि एके सकाळी मी ते मोरीत ओतलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

विजेच्या गावाला आलो खरा, पण पाहतो तर मुंबईत अंधार! लढाईचे दिवस, बॉम्बच्या भीतीनं खिडक्यांच्या काचांना काळे कागद, रस्त्यावरच्या दिव्यांना टोप्या. आमच्या डोक्यावरून तारा ज्या शहराला उजेड घेऊन जातात असं लहानपणापासून ऐकलं, ते शहर उजेड लपवून बसलेलं. गावाकडं रॉकेल मिळत नाही म्हणून आय चुलीच्या जाळावर जेवण वाढते, आणि इथं मी दिव्याला काळा रंग फासतोय. पण काम शिकलो. फ्यूज, स्विच, लोड, अर्थिंग हे शब्द तोंडात बसले. रेशनचा लाल तांदूळ पोटात बसला नाही. एकदा शॉक खाऊन शिडीवरून पडलो, तेव्हा तोंडातून "आये गं!" असं आमच्याकडचं ओरडणं निघालं आणि पनवेलकडचा एक मिस्त्री धावत आला. म्हणाला, "कर्जतकडचा काय रं तू?" त्या माणसानं मला सख्ख्या भावासारखं सांभाळलं.

संध्याकाळचा वर्ग मंडळाच्या जागेत भरायचा, आणि शिकवायला स्वतः आठल्ये साहेब. एकदा पाण्यावरची वीज हा विषय निघाला. पोरांना हसवावं म्हणून मी बाची ती बैलाची गोष्ट सांगितली. पोरं हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला.

"त्या दिवशी मी चुकलो होतो," ते म्हणाले. "'जसं आलं तसंच जातं' असं मी बोललो. तसं जात नाही. पाण्याची उंची जाते, पडण्याचा जोर जातो. तोच जोर तारांतून तुमच्या दिव्यात येतो. पिकाला लागतं ते मात्र पाण्यात तसंच राहतं. ढकलणाऱ्याचं काय जातं, हा या विषयातला पहिला प्रश्न आहे आणि तो तुझ्या वडिलांनी न शिकता विचारला. मला उत्तर त्याच वेळी सुचायला हवं होतं."

माझे कान तापले. अरे, मी सातवी पास, आणि मला तर तेवढाही प्रश्न पडला नव्हता! रात्रभर लाज वाटत राहिली. सकाळी पोस्टकार्ड घेतलं आणि साहेब बोलले ते सगळं बारीक अक्षरांत लिहून काढलं. वर साहेबांनी सुचवलेलं लिहिलं, की दोन वाफे करा, बी एकच, एकाला विहिरीचं पाणी, एकाला पाटाचं. माफीचं मात्र लिहवलं नाही. कार्ड गुरुजी वाचून दाखवणार, मग ते उघड्यावर कसं लिहायचं? आता कळतं, बोललो होतो तेव्हा उघड्यावरच बोललो होतो.

उत्तर यायला पूर्ण उन्हाळा गेला. अक्षर गुरुजींचं, शब्द बाचे. "काकडी दोन्ही वाफ्याला सारखी. गोडी सारखी. एकच कडू निघाली, ती हिरीच्या पान्यावची. आता उजेड कधी देतात ते साहेबाला इचार. तारा आमच्या डोक्यावनं जातात आन अंधार आमालाच."

साहेबांनी ते कार्ड मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवलं. त्यावरून मंडळानं सरकारला अर्ज करायचं ठरवलं, की तारा ज्या गावांवरून जातात त्या गावांना आधी दिवा मिळावा. अंगठे गोळा करायला सुट्टीत मलाच धाडलं. पहिला अंगठा बाचा. शाई पुसत तो माझ्याशी बोलला, तीन वर्षांत पहिल्यांदा. "जेवून जा," म्हणाला. बस्स. मी जेवलो आणि निघालो. आमच्या दोघांच्या मध्ये तो 'अडाणी' शब्द तसाच पडून राहिला.

लढाई संपली, देश स्वतंत्र झाला, आणि मी पक्का वायरमन झालो. मंडळानं मला गावोगावच्या सभांना न्यायला सुरुवात केली, कारण साहेबांचं बोलणं लोकांच्या गळी उतरवायला आमच्याकडच्या बोलीचा माणूस लागायचा. या सालच्या उन्हाळ्यात खालापूरच्या बाजूला सभा होती. तिकडंही वर पॉवर हाऊस, खाली पाट, आणि पाटाकडं पाठ केलेली शेतं. मी बाला निरोप धाडला, येतोस का? येईल असं वाटलं नव्हतं. आला. धुतलेलं मुंडासं, आणि काखेत फडक्यात बांधलेल्या काकड्या.

साहेबांची चित्रं झाली, माझं बोलून झालं, पण मंडळी काही विरघळेनात. एक म्हातारा उठून म्हणाला, "तू पगारी मानूस. तुला काय, तू म्हननारच." तेवढ्यात बा उभा राहिला. यावेळी पुढं आला.

"मी त्याचा बा. मी पगारी नाय," तो म्हणाला. "मी अडानी मानूस हाय, माझं..."

"नाय बा," मी मध्येच बोललो. भर सभेत बापाचं बोलणं तोडू नये हे मला कळतं, पण थांबलो असतो तर पुन्हा जमलं नसतं. "मंडळी, आमच्या गावच्या सभेत मी माझ्या बाला अडाणी म्हणालो होतो. सगळ्यांसमोर. त्या दिवशी त्यानं जो प्रश्न विचारला, तो समजायला मला मुंबईला जाऊन दोन वर्षं शिकावं लागलं. अडाणी मी होतो. बा, माझं चुकलं."

बानं माझ्याकडं पाहिलं, घसा खाकरला, आणि फडकं सोडलं. "ह्या आमच्याकडच्या पाटाच्या पान्यावच्या काकड्या हायत," तो त्या म्हाताऱ्याला म्हणाला. "खा आन बोल." म्हाताऱ्यानं खाल्ली. मग फडकं हातोहात फिरलं आणि आठल्ये साहेबांपर्यंत पोचेतो रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी मी भिवपुरीहून मुंबईला निघालो. बा या खेपेला फलाटावर चढला. आय घरीच होती, तिचे गुडघे धरलेत. मला विचाराल तर घर म्हणजे काय, ते मला धड सांगता येणार नाही. परळच्या खोलीत बटण दाबलं की उजेड होतो, तरी तिथं मी पाहुण्यासारखा वावरतो. आणि गावच्या घरात अंधारात हात घातला तरी मडकं, पितळी, खुंटी बरोबर सापडते. मंडळाला सरकारचं उत्तर आलंय, "विचार चालू आहे." मीही दर दोन महिन्यांनी आठवण धाडतो. त्या घरातला पहिला दिवा माझ्या हातानं लावायचाय, एवढंच डोक्यात आहे. मग मला अंधारात मडकं सापडलं नाही तरी चालेल.

गाडी दिसली तशी बानं बंडीच्या आतून बाटली काढली. तसाच चिंधीचा बोळा, तशीच सुतळी. आपल्या हातानं दिली.

"हिरीचं?" मी विचारलं.

"पाटाचं. आयनं उकळून दिलंय."

मी तिथंच बोळा काढला आणि बाच्या डोळ्यांदेखत अर्धी बाटली प्यायलो. बा माझ्या तोंडाकडं बघत होता, साहेबांनी चाकाकडं बघावं तसा. मग त्यानं माझ्या हातातून बाटली घेतली आणि उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं.