आबांचा अंगठा आणि रिमोटची खोळ

मला राग पटकन येतो आणि बोलून झालं की लगेच जातो. समोरच्याचं मात्र काय होतं, ते मला फार उशिरा कळतं. आबांच्या रिमोटच्या बाबतीत तसंच झालं.

आबा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्यात होते, पाळी बदलायचा भोंगा द्यायचं काम बरीच वर्षं त्यांच्याकडं होतं. घर पाटसपासून जवळच. घरात रोज सकाळी बुद्धवंदना व्हायची. आबा पुढं म्हणायचे, आम्ही मागून. तोंडात ब्रश असला तरी सुटका नसायची. मागच्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगाला अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यात डॉक्टरांनी माझं बोट आबांच्या उजव्या मुठीत दिलं आणि म्हणाले, “दाबा.” आबांचा चेहरा लाल झाला, कपाळाची शीर फुगली. माझ्या बोटाला काहीसुद्धा जाणवलं नाही. “दाबलं, दाबलं,” मी म्हणाले. आबा माझ्याकडं बघत राहिले.

घरी आल्यावर काठी घेऊन चालायला लागले, पण जीभ जड राहिली. वंदना म्हणताना मध्येच अडकायचे आणि मग गप्प बसायचे. म्हणून ती मोबाईलवर लावायला सुरुवात झाली. पण आमचं घर म्हणजे पसारा. त्या वेळेला आई मागं गोठ्यात, वहिनी स्वयंपाकघरात, आबा बैठकीत. मोबाईलचा आवाज कुणालाच धड पोचेना. मी शिरूरला नोकरीला, तिथून वायरशिवायचे तीन स्पीकर घेऊन गेले. मोठा बैठकीत, एक स्वयंपाकघरात, एक गोठ्याच्या भिंतीला. तिघांचा एक गट केला की वंदना तिन्हीकडं एकाच वेळी सुरू व्हायची. आई म्हणाली, “म्हशीबी ऐकत्यात गं.”

आबा मात्र खूश दिसेनात. आंघोळ करून, पांढरा सदरा घालून खुर्चीत बसायचे आणि वहिनीची वाट बघायचे. स्पीकर चालायचे मोबाईलवर, आणि त्या गुळगुळीत काचेवर आबांचं बोट भलतीकडंच पडायचं. वहिनीचे हात पिठात असले की अर्धा अर्धा तास बसून राहायचे, हाक नाही मारायचे. मी विचारलं तर सावकाश एकेक शब्द जुळवत म्हणाले, “भोंगा द्यायला मी कवा कुणाला हाक न्हाई मारली.”

म्हातारा माणूस बाकी काही मागत नव्हता. घराची वंदना त्याला स्वतःच्या हातानं सुरू करायची होती, एवढंच.

मग मी कुठल्याही यंत्राला चालणारा एक रिमोट आणला. बटणं चांगली जाड, वर आलेली. मोठ्या स्पीकरबरोबर आलेल्या चपट्या रिमोटकडून त्याला सगळं शिकवावं लागतं. दोन्ही रिमोट टेबलावर नाकाला नाक लावून ठेवायचे, ह्याचं बटण दाबायचं, मग त्याचं. आबा बघत होते. म्हणाले, “मुलगी बघायचा कार्यक्रम हाय व्हय?” झटक्यानंतरचा तो त्यांचा पहिला विनोद. हसता हसता माझ्या हातून चुकीचं बटण दाबलं गेलं आणि सगळं पहिल्यापासून शिकवावं लागलं. सुरू करायच्या बटणावर मी एम-सीलचा टिपका लावला, म्हणजे न बघता सापडावं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी अंगठ्यानं तो टिपका दाबला आणि तिन्ही स्पीकर बोलायला लागले. मोठा स्पीकर सुरू झाला की बाकीचे दोघे त्याच्या मागं यायचे. आबांनी मान ताठ केली आणि हात जोडले. उजवा हात डाव्याला टेकायला जरा वेळ लागला.

पुढं माझ्या कंपनीत ऑडिट लागलं. महिनाभर मला गावाकडं जाता आलं नाही. आठवड्यानं आईचा फोन आला, रिमोट नीट चालत नाही. कधी लागतो, बहुतेकदा नाहीच. मी सेल बदलायला सांगितले, बदलून झाले. मग आबांना फोनवर घेतलं. माझ्या टेबलावर फायलींचा ढीग, शेजारी साहेब उभा. मी म्हणाले, “आबा, जरा जोर लावून दाबा ना. मुळमुळीत दाबलं तर कसं चालेल?”

ते “बरं” म्हणाले. त्यानंतर रिमोटचा विषयच निघाला नाही. वंदना परत वहिनी लावायला लागली.

ऑडिट संपल्यावर मी न्हावऱ्यावरून एसटीनं घरी गेले. रिमोट टीव्हीशेजारी ठेवला होता आणि त्याला खोळ होती. आमची आई दिसेल त्याला खोळ शिवते. मिक्सरला, सिलेंडरला, फ्रिजच्या मुठीलासुद्धा. रिमोटला तिनं भावाच्या जुन्या जीन्सची शिवली होती, आत स्पंज घालून, म्हणजे आबांच्या हातून पडला तरी फुटायला नको. बटणांसमोर प्लास्टिकची खिडकी ठेवली होती आणि रिमोटच्या डोक्यावर मस्तपैकी दुहेरी टोपडं चढवलं होतं. म्हणजे ज्या टोकातून इशारा स्पीकरकडं जातो, नेमकं तेच बंद. दहा वेळा दाबावं तेव्हा एखादा इशारा कसाबसा बाहेर पडत असणार.

मी खोळ काढली, बटण दाबलं. गोठ्यापर्यंत आवाज गेला.

आईनं खोळ हातात घेतली. “माझ्याच हातानं घात झाला. ते बिचारे समजले, आपला अंगठाच मेलाय. आन् मला वाटलं, टॉर्चशी खेळत्यात.”

“कसली टॉर्च?”

मग कळलं. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू आबांनी कधीच कोपऱ्यात टाकला होता, मी काय लहान पोर हाय काय म्हणून. पण माझ्या त्या फोननंतर ते रोज दुपारी आडवे पडून टॉर्चचं बटण दाबत बसायचे. चालू, बंद, चालू, बंद. सेल संपले म्हणून आई उलट त्यांनाच बोलली होती.

मला माझीच लाज वाटली. आबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि सांगितलं, “आबा, तुमचा अंगठा चांगला होता. खोळ आडवी येत होती. मी उगाच बोलले तुम्हाला.”

आबांनी रिमोट मागून घेतला. टिपका दाबला, वंदना सुरू. परत दाबला, बंद. आणखी एकदा. मग आईला म्हणाले, “खोळ टाकू नगं. भोक पाड फकस्त.” आई डोळे पुसत कात्री शोधायला उठली.

त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि उजवा हात माझ्यापुढं केला.

“बोट दे,” म्हणाले. “दवाखान्यात खोटं बोललीस. आता खरं सांग.”

मी बोट दिलं. त्यांनी दाबलं.

“दुखतंय, आबा,” मी म्हणाले. त्यांनी लवकर सोडलंच नाही.