साडूंची फटफटी

दुसऱ्याच्या घरात बसून घरमालकालाच पाहुण्यासारखं वागवण्यात आमच्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही. नळदुर्गातल्या माझ्याच घरात, माझ्याच पडवीत मी चप्पल काढायला जागा शोधत असतो आणि हे गृहस्थ तेलकट हात वर करून म्हणतात, "या पाव्हणं, पर जरा जपून. खाली नट-वायसर मांडलेत." त्यांच्या वडिलांची जुनी फटफटी अणदूरच्या गोठ्यात कडब्याखाली पडून होती. ती त्यांनी टेम्पोत घालून माझ्याकडे आणली, कारण नळदुर्गातली त्यांची स्वतःची खोली पहिल्या मजल्यावर. "चार दिसांचं काम हाय," म्हणाले होते. आमचा खंडोबासुद्धा दरवर्षी अणदूरहून नळदुर्गला येतो आणि मुदत सरली की मुकाट्यानं परत जातो. देवाला जे कळतं ते साडूंना कळत नाही. देव आला, देव गेला, फटफटी पडवीतच.

बरं, पडवीपुरतं तरी थांबावं! लोणच्याच्या बरणीत रॉकेल ओतून त्यात पिस्टनच्या रिंगा भिजत घातल्या. गॅसच्या एका शेगडीवर दूध आणि दुसऱ्या शेगडीवर तापायला ठेवलेला प्लग, असं दृश्य मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. परवाच आणलेल्या माझ्या दात घासायच्या ब्रशनं त्यांनी कार्बोरेटर साफ केला आणि मी जाब विचारला तर म्हणाले, "मऊ हुता म्हणून घेतला." आमच्या सौभाग्यवतींनी धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला रागवावं की नाही? ती म्हणाली, "दाजी, चहा टाकू का?" या घरात न्याय उरलेला नाही.

पहिल्यांदा किक मारायच्या दिवशी तर त्यांनी कहर केला. साडू खंडोबाचे कट्टर भक्त. एअर फिल्टर अजून बसवायचा होता. किका मारून मारून धोतर सुटायची पाळी आली, तेव्हा कुठं इंजिन एकदाचं धडधडलं. त्यासरशी या माणसानं "येळकोट!" अशी आरोळी ठोकून मूठभर भंडारा गाडीवर उधळला. इंजिननं तो सगळाच्या सगळा आत ओढून घेतला, दोनदा ठसकलं आणि गप झालं. माझी भिंत, माझा सदरा, वाळत घातलेल्या कुरडया, सगळं पिवळंधमक. मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, "देवानं परसाद खाल्ला, पाव्हणं." आणि पाना घेऊन पुन्हा सगळं खोलायला बसले.

हा सारा खटाटोप आबांसाठी, म्हणजे त्यांच्या वडिलांसाठी. साडूंची आई गेल्यापासून आबा अणदूरला एकटे राहत. न्हाणीघरात पडून शेजाऱ्यांनी उचलायची वेळ आली, तेव्हापासून साडूंचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांना आपल्याकडे आणायला जीप नेली, कार नेली. आबा गाडीला हात लावायला तयार नाहीत. "मोटारीत घालून न्यायला म्या काय पेशंट हाय व्हय? आलो तर माझ्या फटफटीवर येईन." ती जन्मात चालू होणार नाही, या खात्रीनंच म्हातारा बोलला होता. शहाण्या माणसानं बापाशी हुज्जत घातली असती. याने शब्द खरा धरला!

शेवटी एकदाची ती चालू राहिली आणि आम्ही अणदूरला गेलो. साडू फटफटीवर आणि मी मागून स्कूटरवर, त्यांचा धूर गिळत. आबांनी गाडीभोवती फेरी मारली, नाक मुरडलं. पण शब्द दिलेला. टोपी चढवली, घराला कुलूप लावलं आणि मागं बसले. परतीच्या वाटेवर, नळदुर्ग दिसायला लागलं त्या चढाला फटफटी बंद पडली. पडणारच! साडूंनी घामाघूम होईस्तोवर किका मारल्या आणि म्हणाले, "आबा, जरा उतरा की."

आबा ढिम्म. "फटफटीवर नेतो म्हनलास न्हवं? फटफटीवरच ने."

झालं! स्कूटर ढाब्यावर उभी करून, हायवेवरचे ट्रकवाले हॉर्न मारत असताना, मी मागून आणि साडू हँडल धरून, असे आम्ही त्या म्हाताऱ्याला फटफटीसकट ढकलत निघालो. माझ्या संतापाला पारावार नव्हता. आज बापलेक दोघांनाही सुनवायचं, म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात आबा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "ह्याच चढाला बंद पडायची ही. तुजी आई उतरून ढकलायची. म्या बसूनच ऱ्हायचो. कवा उतरलो न्हाय."

साडू मान खाली घालून हँडल ओढत राहिले. थोडं पुढं गेल्यावर आबा म्हणाले, "थांब." धोतर सावरत खाली उतरले आणि माझ्या शेजारी उभं राहून, सीटवर दोन्ही हात टेकून ढकलायला लागले. त्या हातांत काही जोर नव्हता. इतके दिवस साठवलेला माझा राग कुठं गेला, मला कळलं नाही. चढ संपला, रस्ता सपाट झाला, तरी आबा काही पुन्हा गाडीवर बसले नाहीत.